पृथ्वी-दोनचा बॅटमॅन म्हातारा झाला आणि मेलासुद्धा

पिवळं पान

मी अकरा वर्षांचा असताना बॅटमॅन मेला.

१९८४ची दिवाळीची सुट्टी होती. मामा मला फाउंटनला घेऊन गेला होता. तिथल्या फूटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग लागलेले असायचे. त्यातल्या एका ढिगातून मी एक जाडजूड अमेरिकन कॉमिक ओढून काढलं. कव्हर फाटून गेलेलं, शेवटची काही पानंही नाहीत. मामाने घासाघीस करून ते तीन रुपयांना घेतलं. व्हीटीला लोकलमध्ये खिडकी मिळाली, लगेच वाचायला बसलो, आणि भायखळा यायच्या आत बॅटमॅन संपला होता.

बेशुद्ध पडला नव्हता, सापळ्यातही अडकला नव्हता. मेलाच. शिवाय हा बॅटमॅन माझ्या ओळखीचा नव्हता. कानशिलांवरचे केस पांढरे, गोथम शहराचा पोलीस कमिशनर, बायको आधीच वारलेली, आणि हेलेना नावाची तरणीताठी मुलगी. तुरुंगातून सुटलेला, सूडाने पेटलेला एक माणूस शहर वेठीला धरतो, तेव्हा हा कधीचा बाजूला ठेवलेला पोशाख पुन्हा अंगावर चढवतो आणि त्याच्यासमोर जातो. घरी आल्यावर मी जेवलो नाही. आईला वाटलं प्रवासात काहीतरी बाधलं.

पुढच्या महिन्यात वाचनालयात दुसरा अंक मिळाला. त्यात बॅटमॅन जिवंत, तरुण, बिनलग्नाचा. मामाला विचारलं तर तो म्हणाला, ‘अरे, ही आधीची गोष्ट असेल.’ पण ती आधीची नव्हती हे मला तेव्हाही कळत होतं.

उलगडा व्हायला पुढे दहा-बारा वर्षं गेली. माझ्या हाती लागलेला तो अंक होता ‘अ‍ॅडव्हेंचर कॉमिक्स’चा ४६२वा, १९७९ सालचा. लेखक पॉल लेव्हिट्झ, चित्रकार जो स्टेटन. त्यात मेलेला बॅटमॅन पृथ्वी-दोनवरचा. आपला नेहमीचा पृथ्वी-एकवरचा.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. १९४०मध्ये गार्डनर फॉक्स या लेखकाने जे गॅरिक नावाचा फ्लॅश आणला. डोक्यावर पंख लावलेलं लोखंडी शिरस्त्राण, पायात विजेचा वेग. १९४९मध्ये त्याचं मासिक बंद पडलं. १९५६मध्ये त्याच कंपनीने, म्हणजे डीसीने, फ्लॅश हे नाव पुन्हा वापरलं, पण माणूस नवा घेतला: बॅरी अ‍ॅलन, पोलिसांच्या प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ. गंमत अशी की हा बॅरी लहानपणी जे गॅरिकची कॉमिक्स वाचायचा आणि त्याच्यावरूनच त्याने स्वतःला फ्लॅश म्हणवून घेतलं. म्हणजे बॅरीच्या जगात जे गॅरिक हे निव्वळ कागदावरचं पात्र.

मग सप्टेंबर १९६१च्या १२३व्या अंकात या दोघांची भेट होते. लेखक पुन्हा फॉक्स, चित्रं कार्माइन इन्फँटिनोची, संपादक ज्युलियस श्वार्ट्झ. अनाथ मुलांसमोर दोरीचा खेळ करताना बॅरी इतक्या वेगाने कंप पावतो की तो दुसऱ्याच शहरात जाऊन पोचतो. शहराचं नाव वाचून त्याला धक्का बसतो, कारण ते गोष्टीतलं शहर आहे. तो काय करतो? टेलिफोन डिरेक्टरी उघडतो, ‘गॅरिक’ शोधतो आणि त्या पत्त्यावर जाऊन उभा राहतो. दार उघडतं, समोर बारा वर्षांपूर्वी निवृत्त झालेला, लग्न करून संसाराला लागलेला जे गॅरिक.

बॅरी त्याचा उलगडा असा करतो: दोन पृथ्व्या एकाच जागी आहेत, फक्त त्यांच्या कंपनांचा वेग वेगळा, म्हणून एक दुसरीला दिसत नाही. आणि गार्डनर फॉक्सला जेच्या गोष्टी सुचल्या कशा? झोपेत त्याचं मन त्या पृथ्वीशी जुळायचं! लेखकाने स्वतःलाच गोष्टीत असं ओवलं.

इतकी वर्षं मनात असलेलं आता मांडतो. समांतर विश्व म्हटलं की लोकांना वाटतं, वेगळा रंग, वेगळा पोशाख, सुपरमॅन वाईट निघाला तर, वगैरे. मला त्याचं मोल वेगळ्याच जागी दिसतं. मुख्य विश्वातल्या नायकाला वय वाढवून चालत नाही. पुढच्या महिन्याचा अंक निघायचा असतो. बॅटमॅन चाळीस, साठ, ऐंशी वर्षं तिशी-पस्तिशीतच अडकून. त्याला प्रेम करता येतं, पण त्याचा संसार होत नाही. पृथ्वी-दोनने ही सोय करून दिली. तिथे काळ खरा चालतो. तिथे ब्रूस वेनने, म्हणजे बॅटमॅनने, सेलिना काइलशी, म्हणजे कॅटवूमनशी, लग्न केलं. त्यांना मुलगी झाली. सेलिना गेली, मुलगी हंट्रेस नावाची नायिका झाली, बाप थकला आणि एक दिवस गेला. जन्मापासून मरणापर्यंत पुरा झालेला बॅटमॅन मला तिथेच भेटला.

तुम्हाला असं कुठलं रूप भेटलंय का, जे मूळ नायकापेक्षा तुम्हाला जास्त जवळचं वाटतं?

सांजवारा

भायखळ्याचं वाचून गलबलून आलं. वाचनखूण साठवली.

माझं उत्तर: पृथ्वी-दोनचा सुपरमॅन. १९७८मध्ये सुपरमॅनला चाळीस वर्षं झाली तेव्हा ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या ४८४व्या अंकात त्याचं आणि त्याच्यासोबत काम करणाऱ्या लुईसचं लग्न लागलं. एक जादूगार मंत्र घालून सुपरमॅनला नाहीसा करतो. क्लार्क केंटला, म्हणजे सुपरमॅनच्याच साध्या रूपाला, आपण कोण आहोत याचाच विसर पडतो. तो साधा, धीट वार्ताहर उरतो, लुईसला मागणी घालतो, ती हो म्हणते. लग्नानंतर लुईसच्या लक्षात येतं की आपल्या नवऱ्याच्या अंगावर गोळीसुद्धा लागत नाही, आणि त्याला त्याचा पत्ताच नाही.

आता ती काय करते बघा. नवरा तिचा एकटीचा झालेला आहे. गप्प बसली असती तर जन्मभर तसाच राहिला असता. पण ती त्या जादूगाराला शोधून काढते आणि मंत्र उलटा फिरवायला लावते. हातातलं सुख जगाला परत देते. मुख्य विश्वातल्या सुपरमॅनचं लग्न व्हायला १९९६ उजाडलं, पण माझ्यासाठी खरं लग्न हेच.

दादरकर

लेख मनापासून लिहिलाय, पण मला दुसरी बाजू मांडायची आहे.

पृथ्वी-एक आणि दोन इथवर ठीक होतं. १९६४मध्ये पृथ्वी-तीन आली. तिथे सगळं उलटं: अमेरिकन कोलंबसने युरोप शोधला, आणि सुपरमॅन, बॅटमॅनच्या जागी गुन्हेगारांची टोळी. तीही कल्पना छान. पण मग जी कंपनी विकत घेतली तिच्या पात्रांसाठी एक पृथ्वी, युद्ध नाझींनी जिंकलेली आणखी एक पृथ्वी, असं वाढतच गेलं. नव्या वाचकाने सुरुवात कुठून करायची? म्हणून १९८५-८६मध्ये मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांनी बारा अंकांची ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ काढून सगळ्या पृथ्व्या एकीत मिसळल्या. मला ते योग्यच वाटतं. त्याच मालिकेत बॅरी अ‍ॅलन मरतो, आणि जवळपास तेवीस वर्षं तो मेलेलाच राहिला. त्या मरणाला वजन होतं. दुसऱ्या पृथ्वीवर जाऊन आणखी एक बॅरी आणता येतो म्हटल्यावर कुणाच्या जाण्याचं दुःख करायचं?

आज दर दोन वर्षांनी नवं विश्व निघतं त्यामागे कथेची गरज कमी आणि विक्रीचा हिशेब जास्त, असं माझं प्रामाणिक मत आहे.

पिवळं पान

दादरकर, विक्रीच्या हिशेबाबद्दल पूर्ण सहमत. बॅरीच्या मरणाबद्दलही. आठव्या अंकातली ती पानं मी आजही सलग वाचू शकत नाही.

पण त्या विलीनीकरणाची किंमत कुणी मोजली ते पाहा. हेलेना वेन, बॅटमॅन-कॅटवूमनची मुलगी, शेवटच्या अंकात मरते. मग जग असं जुळवलं जातं की ती कधी जन्मलीच नव्हती. १९८९मध्ये हंट्रेस परत आली, पण हेलेना बर्टिनेली म्हणून, माफिया घराण्यातली. तीही पुढे चांगली पात्र झाली, ते मान्य. पण आई-वडिलांचं ते लग्न पुसलं गेलं. पॉवर गर्लचे हाल तर विचारू नका. ती पृथ्वी-दोनवरची सुपरमॅनची चुलत बहीण. पृथ्वीच गेली, नातं गेलं, पण ती लोकप्रिय होती म्हणून तिला ठेवलं. मग तिला कुठली म्हणायचं? अटलांटिसची! कधी एक मूळ, कधी दुसरं, अशी वीस वर्षं त्या बाईला घर नव्हतं.

गुंता सोडवताना माणसं तुटली, एवढंच माझं म्हणणं.

खडीसाखर

+१ हंट्रेसबद्दल.

ब्रूस-सेलिनाचं लग्न आवडणाऱ्यांनी ‘द ब्रेव्ह अँड द बोल्ड’चा १९७वा अंक जरूर वाचावा, १९८३चा. लेखक अ‍ॅलन ब्रेनर्ट. पृथ्वी-दोनचा बॅटमॅन स्वतःचं आत्मचरित्र लिहितोय अशी मांडणी आहे. स्केअरक्रो हा खलनायक त्याच्यावर औषध सोडतो आणि त्याच्या मनातली सगळ्यात खोल भीती जागी होते. मला वाटलं आई-बाबांचा खून दिसेल. तसं नाही. त्याची माणसं त्याच्या नजरेसमोरून एकेक करून नाहीशी होतात. भीती एकटं पडण्याची आहे. शेवटी त्याच्यासोबत उरते ती कॅटवूमन, जिला त्याने स्वतः तुरुंगात धाडलेलं. आणि तिच्यासमोर तो मुखवटा काढतो.

तो मुखवटा काढण्याचा प्रसंग फार हळू येतो, घाई नाही. मुख्य मासिकात हे १९८३मध्ये लिहिताच आलं नसतं, कारण पुढच्या महिन्यात त्याला पुन्हा गच्चीवर एकटं उभं करायचं होतं. इथे धागाकर्त्याचा मुद्दा मला शंभर टक्के पटतो.

रानजाई

मला ‘फ्लॅशपॉइंट’ या मालिकेतला, इतिहासच बदललेल्या जगातला टॉमस वेन आठवतो, ब्रूसचा बाप, २०११चा. त्या जगात गल्लीत गोळी लागते ती मुलाला. बाप वाचतो आणि बाप बॅटमॅन होतो. पेशाने डॉक्टर, पण आता हातात बंदूक, माणसं मारायला कचरत नाही. आईचं काय होतं ते मी सांगत नाही, ब्रायन अ‍ॅझरेलो आणि एदुआर्दो रिस्सोच्या तीन अंकांत वाचा. रात्री एकट्याने वाचू नका.

पण मला सांगायचंय ते शेवटच्या पत्राबद्दल. टॉमसला कळतं की बॅरीने जग दुरुस्त केलं की आपण पुसले जाऊ आणि ब्रूस जगेल. तो एक पत्र लिहून बॅरीकडे देतो. बॅरी आपल्या जगात येतो, गुहेत जाऊन ते ब्रूसच्या हातात ठेवतो. पत्रात काय लिहिलंय ते आपल्याला पूर्ण दाखवत नाहीत. ब्रूसचा चेहरा तेवढा दाखवतात. तो रडतो.

माझे बाबा मी दहावीत असताना गेले. ते पान मी किती वेळा उघडून पाहिलंय त्याला गणती नाही.

मधली सुट्टी

रानजाई, तुमच्यासाठी नुसतं +१ पुरेसं नाही. खूप छान लिहिलंत.

मला आपल्याकडच्या रूपाबद्दल बोलायचंय, कारण ते कुणीच काढलं नाही. स्पायडरमॅन इंडिया. २००४मध्ये आपल्याकडे चार अंक आले, नंतर अमेरिकेतही. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग. पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर, मे काकूची माया काकू, बेन काकांचे भीम काका, मेरी जेनची मीरा जैन, नॉर्मन ऑस्बॉर्नचा नलिन ओबेरॉय. पवित्र खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईत येतो. कोळी चावत नाही, एका योग्याकडून शक्ती मिळते. अंगात कोळ्याचा पोशाख, खाली धोतर.

तेव्हा मी कॉलेजात होते. स्टॉलवर धोतरातला स्पायडरमॅन मुंबईवर झेपावताना पाहिला आणि अंगावर काटा आला. पण वाचल्यावर मन खट्टू झालं. नावं बदलली, कपडे बदलले, गोष्ट तीच. आपल्या मातीतून उगवलेलं असं त्यात मला फार थोडं सापडलं. खेड्यातून मुंबईत आलेल्या मुलाचं एकटेपण, वसतिगृह, शाळेतली चेष्टा, यावर ते आणखी थांबले असते तर किती वेगळं झालं असतं!

तोच पवित्र २०२३च्या अ‍ॅनिमेशनपटात आला तेव्हा मात्र त्याचा कायापालट झाला होता. मुंबई आणि मॅनहॅटन मिळून मुंबाटन. केस मस्त, आयुष्य मजेत, ‘चाय टी’ म्हणणाऱ्या माइल्सला, म्हणजे दुसऱ्या विश्वातल्या स्पायडरमॅनला, तो फैलावर घेतो. तो सिनेमा मराठीतही आला होता. मी भाच्याला घेऊन मराठीतूनच पाहिला.

आणि खरा मुद्दा पुढेच आहे. त्यात मिगेल ओहारा हा आणखी एका विश्वातला स्पायडरमॅन म्हणतो की प्रत्येक स्पायडरमॅनच्या नशिबी ठरलेलं दुःख असतंच, ते चुकवलं तर विश्वच कोसळेल. पवित्रच्या नशिबी मैत्रीण गायत्रीच्या वडिलांचा, पोलीस अधिकारी सिंग यांचा मृत्यू लिहिलेला. माइल्स त्यांना वाचवतो. मला फार बरं वाटलं. आपला स्पायडरमॅन आपल्या माणसांसकट सुखात का असू नये?

दादरकर

मधली सुट्टी ताई, तुम्ही माझ्याच हातात मुद्दा दिलात, आणि मी थोडा मागे येतो.

ग्वेन स्टेसी, पीटरची मैत्रीण. १९७३, ‘अमेझिंग स्पायडरमॅन’ अंक १२१. गोब्लिन तिला पुलावरून ढकलतो, स्पायडरमॅन जाळं फेकून तिचा पाय पकडतो. पडणं थांबतं. तिच्या मानेजवळ अगदी बारीक अक्षरांत एक ‘स्नॅप’ छापलेलं आहे. आधी माझ्या ते नजरेतच आलं नव्हतं. दुसऱ्यांदा वाचताना दिसलं आणि पोटात खड्डा पडला. तिला वाचवणाऱ्या जाळ्यानेच झटका बसला होता.

मी म्हणत होतो की दुसरी पृथ्वी आणली की मरणाचं वजन जातं. पण २०१४मध्ये जेसन लाटूर आणि रॉबी रॉड्रिग्ज यांनी जी ग्वेन आणली, तिला कोळी चावलाय, आणि तिच्या जगात पीटर मेलाय. त्याच्या मरणाचं ओझं तीच वागवते. १९७३च्या अंकाला तिने धक्का लावला नाही. उलट ती पहिल्यांदा समोर आली तेव्हा मला तो ‘स्नॅप’च आठवला. हे मान्य करायला हवं.

अभंग वाचक

थोडं अवांतर, पण चर्चेला धरूनच.

आपल्या पिढीला समांतर विश्व शिकवलं ते डॉ. जयंत नारळीकरांनी. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ मधले गंगाधरपंत अशा जगात जाऊन पोचतात जिथे १७६१चं पानिपत मराठ्यांनी जिंकलंय. आशियाटिकच्या ग्रंथालयात बसून ते बखर वाचतात, आणि तिथे कळतं की विश्वासरावांना गोळी चाटून गेली. तिळाएवढा फरक पडला असता तर ते गेले असते. त्या तिळाएवढ्या फरकावर दोन जगं वेगळी होतात! बॅरीच्या कंपनांपेक्षा मला हा तीळ जास्त पटतो.

आणि इंद्रजालमधला वेताळ? ली फॉकने १९३६मध्ये निर्माण केलेला. आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्स १९६४पासून, मराठीतही. लोकांना वाटतं तो अमर आहे, पण तो एकविसावा. बापामागे मुलगा, तोच मुखवटा, तीच कवटीची अंगठी. गुहेत पूर्वजांच्या कबरी आणि त्यांच्या हातच्या रोजनिशा. नायकाला म्हातारं होऊ द्यायचं, मरू द्यायचं आणि तरी मालिका चालू ठेवायची, हा धागाकर्त्याचा प्रश्न फॉकने दुसरी पृथ्वी न काढताच सोडवला होता.

पिवळं पान

अभंग वाचक, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वेताळाच्या गुहेतल्या कबरी लहानपणी मी बोटाने मोजायचो. पृथ्वी-दोनची हेलेना बापाचा वारसा घेते, तेही तेच की. आभार.

खडीसाखर

कुणीतरी रेड सनचं नाव काढेल म्हणून थांबले होते. मार्क मिलर, २००३, तीन अंक. सुपरमॅनचं यान कॅन्ससऐवजी युक्रेनमधल्या सामुदायिक शेतावर पडतं आणि छातीवर विळा-हातोडा येतो. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा.

तो सुपरमॅन वाईट नाही, म्हणून ते भिडतं. त्याला खरंच कुणाला दुखवायचं नाहीये. ब्रेनिअ‍ॅकने स्टालिनग्राड आकसून बाटलीत भरलेलं असतं, आणि ते पुन्हा मोठं करता येत नाही याची त्याला शेवटपर्यंत खंत असते. त्याचा कट्टर शत्रू लूथर त्याला हरवतो तो एका चिठ्ठीने. सगळं जगच बाटलीत का भरत नाहीस, एवढा एक प्रश्न त्यात असतो. तेवढं वाचून इतका बलवान माणूस गुडघ्यावर येतो. मूळ सुपरमॅनमधला दयाळूपणा किती खोल आहे ते मला या रशियन सुपरमॅनमुळे कळलं.

परदेशी पक्षी

धागा वाचून एक विचारायचं होतं. आम्ही इथे टोरांटोजवळ राहतो. माझी लेक बारा वर्षांची आहे. तो मुंबाटनवाला सिनेमा तिने चारदा पाहिलाय, आणि आता मूळ कॉमिक्स वाचायचीत म्हणते. दुसऱ्या पृथ्वीवर मी पुण्यात वाढले असते का, असं तिने मला परवा विचारलं. कुठून सुरुवात करून देऊ? खूप हिंसा नको.

पिवळं पान

ताई, फ्लॅश १२३पासूनच करा. पुनर्मुद्रण सहज मिळतं, एकाच अंकात गोष्ट पुरी होते, कुणी मरत नाही. कव्हर तिला आधी नीट बघू द्या: मधे विटांची भिंत, एका बाजूने जे धावतोय, दुसऱ्या बाजूने बॅरी, दोघंही एकाच माणसाला वाचवायला, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. मग सुपरमॅन-लुईसच्या लग्नाचा अंक. नंतर माइल्स मोरालेस, ब्रायन बेंडिस आणि सारा पिचेलीचा, २०११पासूनचा. त्यात सुरुवातीलाच पीटरच्या मरणाचं सावट आहे, ते आधी सांगून ठेवा. फ्लॅशपॉइंट आणि रेड सन आणखी तीन-चार वर्षांनी.

परदेशी पक्षी

तीन आठवड्यांनी लिहितेय. इथल्या सार्वजनिक वाचनालयातून फ्लॅश मिळाला. काल रात्री दोघींनी मिळून वाचला. टेलिफोन डिरेक्टरी म्हणजे काय ते आधी समजावून सांगावं लागलं. गावातल्या सगळ्यांची नावं आणि पत्ते एका पुस्तकात असायचे, यावर तिचा विश्वासच बसेना.

अंक मिटल्यावर म्हणाली, ‘आई, म्हणजे बॅरी लहानपणी ज्याच्या गोष्टी वाचायचा, त्याच्याच घरी जाऊन बसला?’ मग बराच वेळ ती कव्हरवरच्या भिंतीवरून बोट फिरवत होती. आता सेलिनाच्या मुलीचं पुस्तक हवंय म्हणते.

पिवळं पान

हंट्रेसची पहिली गोष्ट १९७७ची आहे, ‘डीसी सुपर-स्टार्स’ अंक १७. लेव्हिट्झ आणि स्टेटन, माझ्या त्या कव्हर फाटलेल्या अंकाचीच जोडी. त्यात सेलिना जाते, तेव्हा ती वाचत असताना तुम्ही जवळ बसा.